रिव्हर्समध्ये थरथरते का?

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. तिथून रस्त्यावर यायला वीस-बावीस पावलांचा एक चढ आहे आणि चढाच्या डोक्यावर सरकतं लोखंडी फाटक. ते वॉचमनकाका हाताने ढकलतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळी नुकतीच संपली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी फाटक उघडलं, मी पुढे निघाले आणि गाडीला हुडहुडी भरली. थंडी वाजून आलेलं मूल जसं थडथडतं, तशी. दारातली पाण्याची बाटली खडखडली, आरसा थरथरला, दोन सेकंदांत गाडी रस्त्यावर आली आणि सगळं शांत. पुढे कोथरूडपासून थेट हिंजवडीपर्यंत काही नाही. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी पुन्हा तेच.

गाडी ऑटोमॅटिक, कोरड्या दुहेरी क्लचच्या सात गिअरच्या बॉक्सची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण या हकिकतीत शेवटी दोष नेमका कुणाचा हा प्रश्न मलाच पुरता सुटलेला नाही.

सर्व्हिस सेंटरच्या माझ्या चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला टाय लावलेला अ‍ॅडव्हायझर म्हणाला, ‘मॅडम, या गाड्यांमध्ये एवढं नॉर्मल असतं.’ दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि गाडी पंधरा दिवस लोण्यासारखी चालली. सोळाव्या दिवशी हुडहुडी परत. तिसऱ्या खेपेला इंजिनाचं एक माउंटिंग बदललं, त्याने काडीचा फरक पडला नाही. मी जरा आवाज चढवल्यावर तो तरुण अत्यंत सौजन्याने म्हणाला, ‘मॅडम, तुमची ड्रायव्हिंग स्टाइल जरा बघावी लागेल.’ शेजारच्या काउंटरवर एक गृहस्थ हीच तक्रार घेऊन उभे होते. त्यांना मात्र स्टाइलबद्दल कुणी काही विचारलं नाही. चौथ्या खेपेला अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचं एस्टिमेट हातात आलं. त्या रकमेत एक बरी सेकंडहँड मारुती आली असती.

चार खेपांमध्ये गाडी चालवून बघताना मला कुणी शेजारी बसवलं नाही. जॉबकार्डवर प्रत्येक वेळी दोनच शब्द होते : ‘व्हायब्रेशन चेक’.

आता या बॉक्सच्या पोटात काय असतं ते आधी सांगायला हवं. साध्या गाडीत एक क्लच आणि एक गिअरबॉक्स. इथे एकाच आवरणात दोन अर्धे गिअरबॉक्स कोंबलेले असतात आणि प्रत्येकाला आपला क्लच. एकाकडे विषम गिअर : पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्याकडे सम. एक शाफ्ट पोकळ असतो आणि दुसरा त्याच्या आतून जातो, बांगडीतून हात जावा तसा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पळत असताना तिसरा आधीच घालून ठेवलेला असतो. मग एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो आणि ओढ तुटत नाही. पाय नाही, दांडा नाही. क्लच दाबायचं काम संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते.

कल्पना जुनी आहे. अडॉल्फ केग्रेस हा फ्रेंच इंजिनिअर आधी रशियाच्या झारच्या गॅरेजमध्ये होता. बर्फात गाडी चालावी म्हणून त्याने मागच्या चाकांऐवजी पट्टे बसवले. सित्रोएनच्या त्याच पट्ट्यांच्या गाड्या १९३१ मध्ये श्रीनगरहून गिलगिटच्या वाटेने हिमालय ओलांडायला निघाल्या होत्या. याच केग्रेसने १९३९ मध्ये दुहेरी क्लचचा बॉक्स मांडला. पुढे युद्ध आलं, १९४३ मध्ये तो वारला आणि क्लच दाबणारा संगणक अजून जन्माला यायचा होता. १९८० च्या दशकात पोर्शने शर्यतीच्या गाड्यांत हा बॉक्स वापरला आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर-३२ मधून तो बाजारात आला. त्यातले क्लच तेलात बुडालेले होते. २००८ मध्ये सात गिअरचा कोरडा बॉक्स आला, २५० न्यूटन-मीटरपर्यंत जोर पेलणारा. तेल घुसळण्यात ताकद जात नाही म्हणून मायलेज चांगलं. आपल्याकडे २०१३ च्या पोलो जीटीपासून ह्युंदाई-कियाच्या टर्बो गाड्यांपर्यंत कोरडे क्लच पोहोचले. टाटांनी २०२२ मध्ये अल्ट्रोझमध्ये मात्र तेलातला क्लच निवडला. आपली वाहतूक पाहता मला ती निवड शहाणपणाची वाटते.

पण थरथर येते कुठून? हे मला समजावलं आमच्याच इमारतीत राहणाऱ्या सरांनी. त्यांनी आयुष्यभर क्लचच्या अस्तरांवर काम केलं आणि आता गच्चीत टोमॅटो लावतात. ते म्हणाले, ‘शाळेत मास्तर फळ्यावर रेघ ओढताना खडू जरा चुकीच्या कोनात धरत, आठवतं? खडू टकटक उड्या मारायचा आणि रेघेऐवजी ठिपक्यांची ओळ उमटायची. तुमचा क्लच तेच करतोय.’

खडू फळ्याला चिकटतो, हात पुढे जातो, ताण वाढतो, खडू सुटून घसरतो आणि पुन्हा चिकटतो. क्लचचं अस्तर धातूच्या चकतीवर घासताना घर्षण एकसारखं राहिलं तर गाडी मऊ निघते. पण अस्तर भाजून गुळगुळीत झालं किंवा त्यावर तेल उडालं, तर घसरण जेवढी वेगवान तेवढी पकड कमी आणि घसरण मंदावली की पकड जास्त, असा उलटा कारभार सुरू होतो. मग धर-सोड, धर-सोड. पहिल्या गिअरमध्ये क्लचपासून चाकापर्यंतची साखळी सेकंदाला साधारण दहा-बारा वेळा झुलते आणि नेमकी तीच झुलणी आपल्या पाठीला जाणवते. या दुखण्याला मोटारवाले ‘जडर’ म्हणतात.

थरथरीचा दुसरा प्रकार सरांनी सांगितला तो मला अधिक मोलाचा वाटला. चकती किंचित वाकडी असेल किंवा बसवताना तिरकी बसली असेल, तर प्रत्येक फेऱ्यात एकदा पकड घट्ट होते. इंजिन आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट यांच्या वेगात मिनिटाला हजार फेऱ्यांचा फरक असेल, तर सेकंदाला सोळा-सतरा हादरे बसतात. फरक तीनशेवर आला की पाच. म्हणजे गाडी वेग घेत जाते तसा हादऱ्यांचा ठेका संथ होत जातो. भाजलेल्या अस्तराची थरथर मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ठेक्यात राहते. ‘कान देऊन ऐका, निम्मं निदान तिथंच आहे,’ असं म्हणून ते टोमॅटोंकडे वळले.

त्यांनीच एक गॅरेज सांगितलं, सिंहगड रस्त्याच्या मागच्या गल्लीत. मालक मूळचे कराडकडचे. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. कधीकाळी तेही टायवाल्यांच्या बाजूला होते, आता दोन रॅम्प, एक लॅपटॉप आणि तीन पोरं घेऊन स्वतःचं बघतात. मी चार खेपांचं पुराण सुरू केलं. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं,

‘ताई, रिव्हर्समध्ये थरथरते का?’

मला आठवेना. तसं मी कधी पाहिलंच नव्हतं.

‘मग गाडी रात्रभर इथं राहू द्या. थंड असताना बघितल्याबिगर मी काय बोलणार न्हाई.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला चालवायला बसवलं आणि स्वतः लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसले. सपाट गल्लीत चार वेळा मागे, चार वेळा पुढे. मागे जाताना गाडी अगदी निवांत, पुढे निघताना दर वेळी शिरशिरी. मग ते म्हणाले, ‘या बॉक्सात रिव्हर्स हा सम गिअरांच्या क्लचवर हाय. पहिला गिअर विषमवर. तुमचा एक क्लच ठणठणीत हाय, दुसरा आजारी.’ अख्ख्या गिअरबॉक्सच्या एस्टिमेटाला उत्तर म्हणून हे एक वाक्य पुरे होतं. (ही वाटणी सगळीकडे सारखी नसते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या तेलातल्या बॉक्समध्ये रिव्हर्स पहिल्या गिअरच्याच क्लचवर आहे. तेव्हा आपल्या गाडीचं विचारून घ्यावं.)

लॅपटॉपवर दोन आकडे शेजारी-शेजारी पळत होते. एक इंजिनाच्या फेऱ्यांचा, दुसरा शाफ्टच्या. गाडी निघते तेव्हा त्यांच्यात अंतर असतं, क्लच पूर्ण धरला की ते जुळतात. मिस्त्रींचं सगळं लक्ष तेवढ्यावर. आकडे जुळले त्या क्षणी थरथर थांबली तर दुखणं क्लचचं. जुळल्यावरही गाडी हादरत राहिली तर क्लच निर्दोष, चोर दुसरीकडे आहे.

हे किती खरं आहे ते मी त्या दिवशी तिथेच पाहिलं. बाजूच्या रॅम्पवर अशीच ‘क्लच गेलाय’ म्हणून आलेली गाडी होती. तिच्यात चौथ्या गिअरमध्ये, चढावर, क्लच पूर्ण धरलेला असतानाही धक्के येत होते. इंजिन मिसिंग करत होतं आणि एक इग्निशन कॉइल बदलून काम झालं. आणखी एकीला डावीकडच्या एक्सलचा आतला जॉइंट झिजल्यामुळे वेग घेताना थरकाप सुटायचा, तोही चाळीस-पन्नासच्या वेगाला. क्लच एव्हाना केव्हाच धरलेला असतो. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर ती डिस्कची भानगड, ऐंशीच्या पुढे हलत असेल तर चाकांच्या बॅलन्सिंगची. तेलातल्या क्लचच्या गाडीत मिस्त्री आधी तेल कधी बदललं ते विचारतात. त्या सहा गिअरच्या बॉक्सला साठ हजार किलोमीटरला तेल बदलावं लागतं, कारण थरथर रोखणारी रसायनं तेलातच असतात आणि ती संपतात. मालक मात्र ‘ऑटोमॅटिकला काय करायचं असतं’ या समजुतीत लाखभर किलोमीटर काढतात.

जुन्या पद्धतीचे काही मेकॅनिक ऑटोमॅटिक गाडी दिसली की एका पायाने ब्रेक दाबून दुसऱ्याने रेस देतात. टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्ससाठी ती परीक्षा होती. कोरड्या दुहेरी क्लचवर कुणी ती करू लागला तर किल्ली काढून घ्या.

मिस्त्रींनी मग स्कॅनरमध्ये आणखी एक पान उघडलं. काही बॉक्स क्लच किती वेळा तापले याची नोंद ठेवतात, माझाही ठेवत होता. सम क्लचसमोर एक आकडी संख्या, विषमसमोर तीन आकडी. ते माझ्याकडे वळले. ‘ताई, गाडी चढावर उभी करता का कुठं? रेसवर?’

फाटक. मी रोज चढ चढून फाटकापाशी थांबायची. काका खुर्चीतून उठून ते ढकलेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जायचे. तेवढा वेळ मी गाडी हळूच रेस देऊन जागच्या जागी तोलून धरायची, ब्रेक न लावता. वीस वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी चांदणी चौकाच्या चढावर हाफ क्लचमध्ये गाडी तोलायला शिकवलं होतं. ती सफाई मला अभिमानाची वाटायची. ऑटोमॅटिक घेतल्यावर क्लचचा पेडल गेला, खोड राहिली.

घरी येऊन मी इमारतीतल्या सरांच्या मदतीने हिशेब मांडला. गाडी तेराशे किलोची. दहा फुटांना एक फूट असा चढ धरला तर तिला मागे खेचणारं बळ सुमारे १,२७० न्यूटन. चाकाची त्रिज्या आणि पहिल्या गिअरची पट लक्षात घेता क्लचवर साधारण २५ न्यूटन-मीटरचा जोर येतो. गाडी हलत नाही, म्हणजे क्लचच्या एका बाजूला मिनिटाला हजार फेऱ्या आणि दुसऱ्या बाजूला शून्य. या घासण्यातून सुमारे २.६ किलोवॉट उष्णता निघते. आपल्या न्हाणीघरातला गिझर दोन किंवा तीन किलोवॉटचा असतो. म्हणजे मी रोज सकाळी दहा-पंधरा सेकंद बंद डब्यात गिझर लावत होते आणि आत पाणी नव्हतं. सपाट रस्त्यावर एकदा निघायला क्लचला साधारण सहा किलोज्यूल सोसावे लागतात. माझं एक फाटक त्या हिशेबाने चार-सहा वेळा निघण्याच्या बरोबरीचं होतं आणि सारा मार पहिल्या गिअरच्याच क्लचवर.

म्हणजे तो टायवाला मुलगा बरोबर होता का?

या प्रश्नाला ऑस्ट्रेलियात एकदा न्यायालयात उत्तर मिळालं आहे. तिथे फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांत पॉवरशिफ्ट नावाचा सहा गिअरचा दुहेरी क्लचचा बॉक्स होता. गाड्या थरथरत, अडखळत. लोक तक्रारी घेऊन गेले की त्यांना वारंवार सांगितलं जाई, तुमच्या चालवण्यामुळे होतंय. वास्तविक बॉक्सच्या दर्जात खोट आहे आणि थरथर हे त्याचंच लक्षण आहे हे कंपनीला ठाऊक होतं. ग्राहक आयोगाने खटला भरला. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने कंपनीची ही वागणूक विवेकाला न धरून असल्याचं ठरवलं आणि एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. अमेरिकेत त्याआधीच, २०१४ मध्ये, कंपनीने याच बॉक्सच्या क्लच आणि इनपुट शाफ्टच्या सीलची वॉरंटी सात वर्षं किंवा एक लाख मैल इतकी वाढवली होती. सीलचा उल्लेख महत्त्वाचा आहे. तिथून तेल पाझरून कोरड्या क्लचवर उडतं. सील तसंच ठेवून नवा क्लच घातला तर तोही काही महिन्यांत नाचू लागतो.

चीनमधली गोष्ट निराळी. तिथे सरकारी वाहिनीच्या ग्राहकदिनाच्या कार्यक्रमानंतर मार्च २०१३ मध्ये फोक्सवॅगनला ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथला वाद मुख्यतः बॉक्स चालवणाऱ्या यंत्रणेचा आणि अचानक ताकद जाण्याचा. आपल्याकडे मात्र गप्पांत दोन्ही दुखणी एकाच पोत्यात भरतात आणि दुहेरी क्लचच्या गाडीबद्दल ‘डीसीटी घेऊच नका’ असा निकाल लागतो.

माझं मत विचाराल तर, तो मुलगा माझ्या बाबतीत अपघाताने बरोबर होता. त्याने चढाचं विचारलं नाही, रिव्हर्सचं विचारलं नाही, तापण्याची नोंद उघडली नाही. त्या दिवशी माझ्या गाडीचं सील पाझरत असतं, तरी मॅडमला हेच उत्तर मिळालं असतं. शिवाय, गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये हार घातला, पेढा दिला, फोटो काढला, पण ‘चढावर रेसवर धरू नका’ हे चार शब्द कुणी उच्चारले नाहीत. मॅन्युअलमध्ये ते आहेत. मी शोधले, सापडले, आणि शरमही वाटली.

बॉक्स उतरवला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. आवरण उघडताच काळी भुकटी दिसली, ती कोरड्या क्लचमध्ये असायचीच. मिस्त्रींनी आधी शाफ्टच्या मुळाशी बोट फिरवलं. बोट कोरडं. सील शाबूत. मग विषम क्लचची प्लेट उजेडात धरली. अस्तराला शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा मंद खरखरीतपणा हवा, त्याऐवजी काचेसारखी चकाकी होती. समोरच्या लोखंडावर निळे-जांभळे डाग, तव्याच्या बुडाला पडतात तसे. दुसरी प्लेट नव्यासारखी. पण हे दोन्ही क्लच एकाच संचात येतात, त्यामुळे तो सगळा बदलावा लागला. गिअरबॉक्स तोच राहिला.

बसवणं हे निम्मं काम असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. डायल गेज लावून मोकळीक मोजायची आणि पातळ शिम निवडून ती बरोबर आणायची. यात कागदाच्या जाडीएवढी चूक झाली तरी नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो. त्यात मिस्त्रींची सकाळ गेली. मग बॉक्सच्या संगणकाला नव्या क्लचची पकड कुठे सुरू होते ते शिकवायचं आणि ठरावीक पद्धतीने गाडी फिरवून आणायची. सर्व्हिस सेंटरने अपडेट करताना हेच शिकवणं उरकलं होतं. भाजलेल्या अस्तराशी संगणकाने पंधरा दिवस जुळवून घेतलं, पुढे त्याचाही नाइलाज झाला.

निघताना मिस्त्री म्हणाले, ‘पावसाळ्यात सकाळी एखाद-दोनदा शिरशिरी आली तर लगेच पळत येऊ नका. दमट हवेत अस्तर ओल धरतं, लोखंडावर गंजाचा पापुद्रा येतो. चार वेळा निघाली की घासून जातं. आठवडाभर ऱ्हायलं तर या.’

तुमची गाडी थरथरत असेल तर जॉबकार्डवर ‘व्हायब्रेशन चेक’ एवढंच लिहू देऊ नका. थंड असताना की तापल्यावर, पहिल्यात की रिव्हर्समध्ये, सपाटीवर की चढावर, ठेका एकच राहतो की संथ होतो, हे स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ट्रायलला शेजारी बसा. पार्ट बदलला तर जुना मागून घ्या, बघून घ्या. रांगेत गाडी तसूतसूने सरकवण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्या आणि मग निघा. चढावर थांबलात की पाय ब्रेकवर, ऑटो होल्ड असेल तर तो लावा.

मी आता फाटकाच्या खाली, चढ सुरू होण्याआधीच थांबते आणि हॉर्न देते. काकांना ते सुरुवातीला आवडलं नव्हतं. या जुलैत गाडी दोन सकाळी थरथरली. तिसऱ्या दिवशी थांबली. मी मिस्त्रींना फोन केला नाही.